घोडेस्वार बोट

गुरुवार, ६ मार्च

ठेंगू,

काल मी तुझा पाय धुतला.

कागद चुरगाळू नकोस. आधी खाली बस. मीही कालपासून बसूनच आहे. आज कारखान्यात दप्तराचा पट्टा उलटा शिवला, मालकीणबाईंनी विचारलं बरं नाही का, तर मी मुकाट पट्टा उसवायला घेतला. बायका हसल्या, की हिची जीभ कशी काय गप्प बसली. कोणाला सांगायची सोय नाही, आमच्या नियमात ते बसत नाही, आणि तुला सांगितल्याशिवाय माझ्या पोटात राहत नाही. फोन तू उचलत नाहीस. म्हणून हे पत्र.

तू पडद्याच्या त्या बाजूला होतीस. या बाजूचं तुला दिसलं नसेल, म्हणून सांगते. दवाखान्याच्या मागची ती खोली आम्ही भांडून मिळवली. आम्ही म्हणजे हत्तीपायवाल्या बायका. आरोग्य खात्यातल्या साहेबांनी मास्तरीणबाईंना सांगितलं होतं की या शहरात असे रुग्णच नाहीत. मास्तरीणबाई म्हणजे आमच्यातल्या सगळ्यांत थोरल्या, जन्मभर शाळेत शिकवलं आणि जन्मभर मोज्यात पाय लपवला. त्या आम्हाला घेऊन गेल्या आणि आम्ही सगळ्याजणी साहेबांच्या केबिनबाहेर चपला काढून, पाय लांब करून बसलो. बाहेर पडायचं तर आमचे पाय ओलांडावे लागणार, आणि ओलांडायची त्यांची छाती होईना. चहासुद्धा आत जाईना बिचाऱ्यांचा. संध्याकाळच्या आत खोली मिळाली, नळ मिळाला, मलम मिळालं. ताप चढला की दवाखान्यात खाट मात्र अजून देत नाहीत. त्यासाठी परत पाय लांब करायचेत.

पडद्याची कल्पना माझी. नवी बाई मागच्या दारानं येते, पडद्यामागच्या बाकावर बसते आणि पडद्याखालून फक्त पाय पुढे करते. नाव विचारायचं नाही, तोंड बघायचं नाही. आपण पाय धुवायचा, टिपायचा, मलम लावायचं आणि करता करता सांगत राहायचं, म्हणजे घरी तिचं तिला जमेल. वाटेल तेव्हा ती पडद्याबाहेर येईल. कोणाचा पाय होता हे ज्याचा पाय त्यानंच सांगायचं, दुसऱ्या कोणी नाही. आणि घरचं माणूस आलं, नवरा असो नाहीतर सासू, तर त्यानं आधी या बाजूला स्टुलावर बसायचं आणि समोर येईल तो पाय धुवायचा, कोणाचा ते न विचारता. मग पुढची बात. कितीजण दारातूनच परत गेलेत म्हणून सांगू.

हा पडदा मला का सुचला ते तुला माहीत आहे. तुझ्या नव्या घरात मी हौसेनं आले होते, साडीची किनार पावलावर ओढून कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले होते. तुझ्या सासरच्या कोणीतरी विचारलं, या कोण? आणि तू सरबताचा ट्रे हातात घेऊन सहज म्हणालीस, "या पूर्वी आमच्याकडे कामाला असायच्या." मी सरबत पिऊन ग्लास धुऊन ठेवला आणि निघून आले. तेव्हापासून आपलं जे काही आहे ते हे असं आहे.

तर काल. मी साबण फेसाळत होते आणि पडद्याखालून एक डावा पाय आला. घोट्यावर सूज, पावलाच्या वर उशी आल्यासारखी, कातडी ताणलेली. आणि अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यावर चढून बसलेलं. ठेंगू, बाबांचं बोट ते! घोडेस्वार! माझ्या हातातून तांब्या पडला. शेजारच्या स्टुलावरची शिंपीणबाई म्हणाली, अगं सांभाळ की. जगात हे बोट बाबांना होतं, मला आहे आणि तुला आहे. बाबा गेले. माझा पाय माझ्यापाशी आहे. राहिलं कोण?

सूज आली की पायाला वय राहत नाही. वीस वर्षांच्या पोरीचा आणि साठ वर्षांच्या बाईचा पाय शेजारी ठेवला तर आम्हालासुद्धा ओळखू येत नाही. पण बोट कुठं लपणार होतं?

मी तांब्या उचलला. गार पाण्यानं धुतला, बोटांच्या मधे फडक्यानं टिपलं, एका चिरेत मलम लावलं. तू उठून गेलीस आणि मी ओलं फडकं हातात धरून तशीच बसून राहिले.

मला तुझ्याशी भांडायचं नाही. भांडायचं बाकी आहे, पण आत्ता नाही. तुझी सूज अजून मऊ आहे, बोट दाबलं की खड्डा पडतो. रोज धुतलास, कोरडा ठेवलास, बसताना उंच ठेवलास, डॉक्टरीणबाईंच्या गोळ्या घेतल्यास, तर इथंच थांबवता येईल, कदाचित उतरेलही. लपवलास तर माझ्यासारखा होईल. माझा कसा झालाय ते तू बघितलेलं नाहीस आणि बघूही नयेस. एवढ्या लांबून बस धरून आलीस, म्हणजे तुझ्या गावात कोणाला कळू द्यायचं नाही. नको कळू देऊस. पण बुधवारी ये.

ताई

गुरुवार, १३ मार्च

ठेंगू,

आलीस. मला वाटलं नव्हतं.

पत्र वाचून आलीस की वाचायच्या आधीच, ते मला कळायला मार्ग नाही, कारण पडद्यामागून तू चकार शब्द काढत नाहीस. तू आणि गप्प! लहानपणी तुला गप्प करायला बाबा रेडिओ लावायचे.

काल मी थोडा आगाऊपणा केला. नियम मोडला नाही, फक्त वाकवला. पाय धुता धुता शिंपीणबाईला सांगतेय असं दाखवून मोठ्यानं गोष्ट सांगितली. की मला एक धाकटी बहीण होती, एवढीशी, तिला मी ठेंगू म्हणायचे. तिला अंगणातल्या नळापर्यंत अनवाणी जायला नको असायचं, जमीन तापलेली असायची. मग ती माझ्या पावलांवर स्वतःची पावलं ठेवायची, माझे दोन्ही हात धरायची आणि मी चालायचे. दोघींचं मिळून एक माणूस. नळाशी बाबा आमचे चारही पाय धुवायचे आणि म्हणायचे, निघाले बघा घोडेस्वार. मी म्हटलं, बहिणीनं नंतर मला बहीण म्हणायचं सोडलं, पण माझ्या पावलांवर तिचं वजन अजून आहे.

शिंपीणबाईनं डोळे पुसले. ती कशावरही रडते, तिचं सोड. पण पडद्यामागून हुंदका आला. तोंड दाबून दिलेला, तरी आलाच. पाय मागे ओढलास, मग परत पुढे केलास.

मी काल घरी येताना हसत होते, एकटीच, रस्त्यानं. लोकांना वाटलं असेल बाई चळली. इतक्या वर्षांनी तुझा पाय माझ्या हातात आहे आणि तू तो काढून घेतला नाहीस. मला एवढ्यानं पुरे आहे. माफी-बिफी काही नको.

बोटांत कापसाचा बोळा ठेवून झोप. आणि त्या बंद चपला घालणं सोड, आमचा चपलावाला तुला मोकळ्या करून देईल, तोंड न बघता, कागदावर पायाचा नुसता आकार काढून पाठव.

ताई

शनिवार, २२ मार्च

ठेंगू,

तुझं पाकीट मिळालं.

मी फोटो उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. खिडकीशी नेऊन बघितला. तुझेच पाय आहेत. फरशी तुझ्याच घरातली, काळ्या-पांढऱ्या चौकोनांची. दोन्ही पाय सडसडीत, घोटे दिसताहेत, नखांना रंग, आणि दोन्हींवर घोडेस्वार ऐटीत बसलेले. मागे तू लिहिलंयस, "माझ्या पायांना काहीही झालेलं नाही. मी तुझ्या त्या खोलीत कधीही पाय ठेवलेला नाही. माझ्या मुलीचं लग्न जमतंय, यापुढे असली पत्रं माझ्या घरात नकोत."

बहिणीला पायांचा फोटो काढून पाठवणारी तू जगातली पहिलीच असशील. दुसरा प्रसंग असता तर मी पोट धरून हसले असते. पण आत्ता नाही. मी बोलले ते सगळं कोणाशी बोलले? रडलं कोण?

ठेंगू, मग तो पाय कोणाचा? बाबांच्या बाजूचं कोणी उरलंय का आपल्याला ठाऊक नसलेलं? चुलत, आते, कोणीही? माझं डोकं चालेनासं झालंय. तुला आठवत असेल तर उलट टपाली कळव.

ताई

बुधवार, २६ मार्च
(हे पाठवायचं नाही.)

ठेंगू,

हे तुला लिहितेय आणि तुला द्यायचं नाहीये. पण लिहिल्याशिवाय मी आज भाकरतुकडासुद्धा गिळू शकत नाही.

गेल्या बुधवारी आला नव्हता, आज तो पाय परत आला. मी हात लावला नाही. मी नुसती बघत बसले. पडद्यामागून पहिल्यांदाच आवाज आला. पोरसवदा, बारीक आवाज. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही सांगितलीत ती ठेंगू माझी आई आहे."

सगळ्याच नव्या पोरी मला मावशी म्हणतात. त्यामुळे कानांना कळलं आणि डोक्याला कळायला वेळ लागला. तुझी मुलगी! अगं, मला आठवलीच नाही ती. मी बोटं मोजली ती बाबांची, माझी आणि तुझी. तिला मी एकदाच बघितलंय, दुपट्यात गुंडाळलेली, पायात लोकरीचे मोजे. तुझ्या घरातून मी बाहेर पडले तेव्हा तीही माझ्या मनातून बाहेर पडली. कसली मावशी मी? स्वतःच्या भाचीचा पाय दोन बुधवार हातात धरला आणि तो तुझा म्हणून लाड केले.

मी पडदा बाजूला केला नाही. ती बोलत राहिली. आई म्हणायची की तिला बहीणच नाही. ही खोली तिनं कामाच्या ठिकाणच्या एका बाईकडून ऐकली, मी इथं आहे हे तिला माहीतही नव्हतं. या बोटाला घोडेस्वार म्हणतात हे तिनं तुझ्याच तोंडून ऐकलेलं, म्हणून माझी गोष्ट ऐकली आणि तिला एका दमात तीन गोष्टी कळल्या. आपल्याला मावशी आहे, आपला हा पाय मावशीलाही आहे, आणि आईनं हे सगळं पुसून टाकलंय. मग तिनं मला विचारलं, "माझा पाय बघून आई मलाही पुसून टाकेल का?"

नाही म्हणायला तोंड उघडलं, ठेंगू, आणि ते सरबत आठवलं.

ती पोहायची म्हणे, बक्षिसं मिळवायची. पाण्यात उतरायचं म्हणजे पाय उघडे टाकायचे, म्हणून क्लास सोडला आणि तुला सांगितलं की कंटाळा आला. घोळदार पँटी घालते, तू फॅशन म्हणून चिडतेस. बुधवारी तुला ओव्हरटाइम सांगते. लग्न ठरतंय त्या घरात तर काहीच सांगितलेलं नाही. तुला कळलं तर तू तिला डॉक्टरकडे नेशील की खोलीत कोंडशील, तिला सांगता येत नाही. मलाही येत नाही. तिनं शपथ घातली आणि म्हणाली, आईला कळलं तर मी परत इथं येणार नाही.

आणि मी काय करून बसलेय! पाय कोणाचा ते दुसऱ्यानं सांगायचं नाही हा नियम मीच केला. आणि मीच तुला दोन पत्रं लिहून सगळं वर्णन दिलं, डावा पाय, बुधवार, बसनं येते. वर परवा विचारलं, मग कोणाचा? तू काही खुळी नाहीस. तुझ्या घरात तेच बोट असलेलं आणखी एक माणूस रोज तुझ्यासमोर जेवतं.

पोरीची सूज अजून मऊ आहे. हीच वेळ आहे. हिनं आता येणं सोडलं तर तो पाय हातचा जाईल. मला त्याचीच धास्ती आहे, बाकी कशाची नाही.

गुरुवार, २७ मार्च

ठेंगू,

माझी चूक झाली. त्या बाई कोणी परगावच्या निघाल्या, पन्नाशीच्या, आपल्या कोणी लागत नाहीत. बोट तसं असतं बऱ्याच जणांचं, डॉक्टरीणबाईही म्हणाल्या. वय झालं माझं, डोळे तपासून घ्यायला हवेत. आधीची पत्रं फाडून टाक. मी परत लिहिणार नाही. लग्नाला माझे आशीर्वाद, लांबूनच.

तुझे पाय छान दिसतात. नखांचा रंगही.

ताई

शनिवार, १२ एप्रिल

ठेंगू,

परत लिहिणार नाही म्हटलं होतं. पण तुझ्या मुलीनं काल फोन करून घरातलं सांगितलं, आणि जे लिहायचंय ते माझ्याशिवाय कोणी लिहू शकत नाही, म्हणून लिहितेय. हे एकटी असताना वाच. गॅस बंद करून वाच.

लबाडी मला कधीच जमली नाही. डोळे तपासायची ती थाप वाचून तुला तिथल्या तिथे कळलं असणार. पोर मागच्या बुधवारी, दोन तारखेला, आली नाही. मी दिवसभर मागच्या दाराकडे बघत होते आणि स्वतःला शिव्या घालत होते. शिंपीणबाईनं मला चहा आणून दिला आणि तो तसाच गार झाला. या बुधवारी ती आली. तू तिच्या मागच्या बसनं आलीस, हे तिला ठाऊक नव्हतं आणि मलाही.

तुझा आवाज मी दारातूनच ओळखला. इतक्या वर्षांनी ऐकला तरी. माझी मुलगी आत आहे, तिला बाहेर पाठवा, असं तू म्हणत होतीस. मास्तरीणबाई दारात आडव्या उभ्या. शाळेत पालकांना ताटकळत ठेवायची सवय आहे त्यांना. त्यांनी तुला शांतपणे सांगितलं की आत कोण आहे आणि कोण नाही ते मी सांगणार नाही, तुम्हाला आत यायचं असेल तर त्या स्टुलावर बसा आणि समोर येईल तो पाय धुवा. तू म्हणालीस, हा काय वेडेपणा. त्या म्हणाल्या, असेल.

मला वाटलं, तू जाशील. पैजेवर सांगितलं असतं मी. मी आधीच पडद्यामागे गेले होते, कारण तुझा आवाज ऐकून पोरगी बाकावर पाय वर घेऊन अंगाचं मुटकुळं करून बसली होती आणि दात वाजत होते तिचे. मी तिला धरलं. पहिल्यांदा तिचं तोंड बघितलं ते असं. तुझंच तोंड आहे, रडतानाचं.

आणि स्टूल ओढल्याचा आवाज आला. तू बसलीस.

तू ठेंगू, तुझी इस्त्रीची साडी, आमचं ते ओलं स्टूल! पाणी ओतल्याचं ऐकू आलं. शिंपीणबाई तुला सांगत होती, साबण असा हातावर फेसाळायचा, पायावर घासायचा नाही. आता पाय पुढे यायला हवा होता. मी पोरीकडे बघितलं. तिनं मान हलवली, नाही, नाही. तिचं कुठं चुकलं? पण रिकामा पडदा बघून तू उठली असतीस, पडदा ओढला असतास, आणि मग ती जन्मात परत आली नसती.

म्हणून मी माझा पुढे केला.

तो पाय माझा होता, ठेंगू.

तू तीन दिवस काय समजून चालली आहेस ते मला तिनं सांगितलं. तू तिच्या तोंडाकडे बघतेस आणि डोळे भरून येतात, तिच्या ताटात जास्तीचं वाढतेस, तिला जिना चढू देत नाहीस. तिच्या पँटीकडे बघतेस आणि बघत नाही असं दाखवतेस. तुला वाटतंय त्या कापडाखाली तू धुतलास तो पाय आहे. नाहीये. ऐकतेस ना? तो तिचा नाही. माझा आहे, कित्येक वर्षं लपवून वाढवलेला. तिचा पाय डावा, घोट्यावर थोडी सूज, सकाळी उठल्यावर तर नीट बघितल्याशिवाय कळतही नाही. हे पत्र वाचलंस की ती तुला स्वतः दाखवेल. तिला बोलता येत नव्हतं. कोणाचा पाय ते ज्याचा त्यानंच सांगायचं, हा नियम ती माझ्यापेक्षा चांगला पाळते. शिवाय तिला भीती वाटत होती, की खरं कळलं तर तुला फसवल्यासारखं वाटेल आणि तू धुताना बोललेलं सगळं मागे घेशील.

आता पडद्यामागचं सांगते, ते तुला दिसलं नाही.

माझा पाय बाहेर गेला. साबण खाली पडला. मी डोळे मिटून घेतले. म्हटलं, आता उठेल, आता ओकेल, आता किंचाळेल. ठेंगू, लोक काय काय करतात ते मी बघितलेलं आहे. बसमध्ये शेजारची जागा रिकामी करतात, दुकानदार सुटे पैसे हातात न देता फळीवर ठेवतो. आणि तू तर तू होतीस. मग तुझं बोट माझ्या बोटावर आलं. त्या घोडेस्वारावर. सुजेत रुतलाय तो आता, पण आहे. तू त्यावरून बोट फिरवलंस आणि तुला वाटलं, ही आपली पोर.

आणि तू म्हणालीस, "एवढं होईपर्यंत एकटीनं सोसलंस? मला सांगावंसं वाटलं नाही तुला?"

पडद्यामागे पोरगी माझ्याकडे बघत होती. तोंडावर हात, डोळे हे एवढे झालेले. मी हूं की चूं केलं नाही. माझा आवाज तू ओळखला असतास.

तू धूत होतीस. वळ्यांच्या आतून, टाचेखालून, शिंपीणबाई सांगेल तसं. रडत होतीस आणि धूत होतीस. मग म्हणालीस, "लग्न मोडलं तर मोडू दे. मी तुला सोडून कुठं जात नाही, बाळा. कोणी काही विचारलं तर सांगेन, माझी आहे ती."

ठेंगू, मी या वयात पहिल्यांदा स्वतःच्या मनगटाला चावले, आवाज फुटू नये म्हणून. पोरीनं माझ्या कमरेला मिठी मारली होती. तिनंच शेवटी पडद्याखालून हात काढून तुझ्या हातावर ठेवला आणि म्हणाली, आई, घरी बोलू. तू उठलीस, मास्तरीणबाईंना नमस्कार केलास आणि बाहेरच्या पायरीवर तिची वाट बघत बसलीस. मी मागच्या दारानं निघून गेले. मला तुझ्यासमोर येता आलं असतं. पण मग ते शब्द तू परत घेतले असतेस की काय, याची मला भीती वाटली.

ते शब्द माझ्यासाठी नव्हते, ठाऊक आहे मला. तिच्यासाठी होते आणि तिला ते पोचले. ती आता येत राहील, तिनं काल तसं कबूल केलंय, आणि मुलाच्या घरी पण ती स्वतः जाऊन सांगणार आहे, तू तिच्याबरोबर जावंस असं म्हणाली. पण ऐकले मीही. पाय माझा होता आणि हात तुझे होते, तेवढं तरी माझं झालं. तुला राग आला असेल तर येऊ दे. हे पत्र फाड, मला फोटो पाठव, काय वाटेल ते कर. मी ते शब्द परत देणार नाही.

एक राहिलं. बोटांच्या मधे तू नीट टिपलं नाहीस. घोडेस्वाराच्या खाली पाणी तसंच राहिलं होतं, मी घरी येऊन पुसलं. तिथं ओल राहिली की चीर पडते आणि चिरेतून ताप येतो. पोरीचं करताना लक्ष ठेव. हातानं जमत नसेल तर बुधवारी तिच्याबरोबर ये, पुढच्या दारानं. माझा पाय आहेच, त्याच्यावर दाखवते.

ताई